मागच्या पलंगाची ऊब

समता कॉलोनी, रायपूर
२५ नोव्हेंबर २०२४

ती. कुसुमताई,
सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मग तू स्पीकर लावतेस आणि गुलाबराव भाऊजींपासून शेजारणीपर्यंत सगळे माझं बोलणं ऐकतात. म्हणून पत्रच बरं.

गाडी एकदाची घरी आली. नरेंद्रनी (लग्नाला वर्ष झालं तरी 'हे' म्हणायला जीभ नीट वळत नाही, म्हणून मधूनमधून नावच लिहिते) जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली होती ना, ती पावसाळाभर भनपुरीच्या वर्कशॉपमध्ये पडून होती. आता आत छोटा ओटा आहे, नळ आहे, मागे आडवा पलंग आहे आणि ड्रायव्हरच्या सीटमागे एक बाक, त्याची रात्री खाट होते. मागचा पलंग माझा. बाकावर हे झोपतात, कारण घोरतात आणि त्यांना ते माहीत आहे.

पहिली रात्र गंगरेलला काढली. धरणाच्या काठाशी गाडी लावली, समोर पाणी, मागे झाडं. मजा आली, पण ताई, थंडी. तुला माहीतच आहे, मला लहानपणापासून हिवाळा सोसत नाही, त्यात डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून गोळ्या लावल्यात. पलंगाच्या बरोबर वर, छतात, हवेसाठी एक जाळी आहे. तिच्यातून रात्रभर डोक्यावर गार वारा येत होता. सकाळी मी कुरकुर केली तर नरेंद्र म्हणाले, "तू काही बोलू नोको. पुढच्या वेळी तुले गाडीत घाम येईन, पाहाजो."

तेव्हापासून माणूस त्याच नादात आहे. पंडरीच्या बाजारातून जाड रजया आणल्या. खाली अंथरायला सतरंजी, तिच्यावर फोमची चटई, गरम पाण्याच्या पिशव्या, लोकरीचे मोजे. शिवाय गॅसवर चालणारा एक हीटर मागवला आहे, जाळीमागे लाल फुलतो तसला. आणि गाडीत झोपायच्या आधी दर वेळी आलं-तुळशीचा काढा. स्वतः करतात, माझ्या हातात कप देतात आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहतात.

इतकं माझं कोणी कधी केलं नव्हतं. पहिल्या संसारात तर मीच सगळ्यांचं करत होते. त्यामुळे बरं वाटतं आणि जरा चमत्कारिकही वाटतं. एक गोष्ट मात्र खटकते. संध्याकाळी आणि पहाटे हे कुठल्या ना कुठल्या निमित्ताने एकटे बाहेर जातात, परत येतात ते बडीशेप चघळत. विचारलं तर म्हणतात, टायर बघत होतो.

डिसेंबरात चिल्फीच्या घाटात जायचं म्हणतात. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी
विनू


गोंदिया
३ डिसेंबर २०२४

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं. गुडघे हायेत तसेच हायेत, थे जाऊ दे.

तू रागावू नोको, पण मले हे काही पटून नाही राहिलं. माणूस चांगला असतो, नाही म्हणत नाही मी. पण साठीतला माणूस बायकोले मोजे घालून देते, काढा पाजते आन् संपेपर्यंत समोर बसून राह्यते, हे मी तं कुठी पाह्यलं नाही. आमच्या यांनी जन्मात मले एक गिलास पाणी दिलं नाही, आन् यायले कोणी वाईटही म्हणत नाही.

तुले मूलबाळ नाही. घर तुह्या एकटीच्या नावावर हाय. लग्नाच्या आधी तू त्या माणसाले किती ओळखत होती? मंडळाच्या गणपतीत दोन वर्ष आरतीले शेजारी उभे राह्यले, येवढंच ना? थो आमच्याच गोंदियात रेल्वेत होता म्हणते. मंग इथल्या घरी एकदाही काहून आला नाही? इथच्या कोणाची गोष्ट काहून काढत नाही?

आन् टायर कोणी दिवसातून दोनदा पाह्यते का?

मी आपली इथं जराशी चौकशी करते. तू काही बोलू नोको त्याले. जंगलात जाऊन राहून राहिली, तं फोन चार्ज ठेवत जा.

तुही
कुसुमताई


रायपूर
२३ डिसेंबर २०२४

ती. कुसुमताई,
सा. नमस्कार.

तुझं मागचं पत्र वाचून मला तुझा राग आला होता. उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. आता चिल्फीहून आल्यावर पुन्हा लिहायला बसले आहे, आणि राग उरलेला नाही. काय उरलंय ते सांगता येत नाही.

नरेंद्रनी शब्द पाळला. छताची जाळी फोम कोंबून बंद केली. खिडक्यांना आतून चंदेरी फॉईल लावली, दाराच्या फटीला रबराची पट्टी. मागचा पलंग आणि पुढचा बाक यांच्यामध्ये जाड ब्लँकेटचा पडदा टांगला, म्हणजे ऊब माझ्याच बाजूला राहावी. हीटर माझ्या पायाशी. खरंच घाम आला, ताई. बाहेर गवतावर दव गोठत होतं आणि मी स्वेटर काढून झोपले.

सकाळी उठले तर डोकं असं दुखत होतं की डोळे उघडवेनात. दार उघडून बाहेर आले आणि उलटी झाली. पायांत बळ नव्हतं. नरेंद्र पुढे झोपले होते, ते ठणठणीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे एकटक पाहत राहिले. मग विचारलं, "तुले एकाचे दोन तं नाही दिसून राहिले?"

मी नाही म्हटलं. त्यांनी बोट धरलं आणि इकडून तिकडे नेलं. म्हणाले, बोटाकडे बघ. हा काय प्रश्न झाला? डोकं दुखणाऱ्या माणसाला कोणी असं विचारतं?

दुपारपर्यंत उन्हात बसून मी बरी झाले. दुसऱ्या रात्री पुन्हा काढा, पुन्हा पलंग, आणि सकाळी पुन्हा तेच. घरी आल्यापासून एकदाही डोकं दुखलं नाही. घरी काढा बंद असतो, ते म्हणतात काढा फक्त गाडीतल्या थंडीसाठी.

मी त्यांना म्हटलं, घाटाची हवा मानवली नसेल. परत येताना कवर्ध्यापर्यंत त्यांचा एक शब्द नाही. आता फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतात आणि दार ओढून घेतात.

तू यातून लगेच काही अर्थ काढू नकोस. पण पुढचं पत्र घरी पाठवू नको, ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. माझ्या शेजारी राधिका बसते, मी नसले तर ती ठेवून घेईल.

तुझी
विनू


गोंदिया
२ जानेवारी २०२५

चि. विनू,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाकजो.

मी चौकशी केली. रेल्वे क्वार्टरात नरेंद्ररावांच्या बाजूले शर्मिष्ठाबाई म्हणून राहत होती, आता लेकाकडं सिव्हिल लाईनीत राह्यते. यांच्या ओळखीनं मी तिच्याकडं गेली. नरेंद्ररावांची पहिली बायको सुशीला, तिच्याबद्दल इचारलं.

विनू, तिलेबी सकाळी उठलं की डोकं दुखे. तिलेबी उलट्या होत. चांगली धडधाकट बाई, चार-सहा महिन्यांत गेली. शर्मिष्ठाबाई म्हणे, शेवटी शेवटी थो माणूस कोणाले घरात येऊ देत नव्हता. स्वयंपाक सोता करे, सोताच्या हातानं तिले भरवे. गेल्यावर क्वार्टर सोडलं आन् कोणाले पत्ता न देता रायपूरले निघून गेला.

हे तुले सांगतलं होतं का त्यानं? डोकेदुखीचं सांगतलं होतं का? तू मले लग्नाच्या वेळी म्हणाली होती की पहिली आजारानं गेली. कोणत्या आजारानं, थे तू इचारलं नाही आन् त्यानं सांगतलं नाही.

मी म्हातारी झाली, मले कमी ऐकू येते, पण समजते. तू त्या गाडीत पाय ठेवू नोको. आन् जाणं पडलंच, तं थो देईन थे पिऊ नोको. त्यानं जिथं तुह्यासाठी अंथरलं तिथं झोपू नोको. जागा बदल. काही बहाणा कर.

नाही तं सरळ गोंदियाची गाडी पकड. मी स्टेशनवर येते.

तुही
ताई


रायपूर
८ जानेवारी २०२५

ताई,

पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग दिवसभर एकच फाईल उघडून बसले.

मी त्यांना सुशीलाबाईंबद्दल विचारणार होते. काल संध्याकाळी हिंमत करून गॅलरीकडे गेले. दार लोटलेलं होतं, हे फोनवर होते. हिंदीत बोलत होते. मी ऐकलं ते असं: "नहीं, उसको अभी कुछ पता नहीं चलना चाहिए. पहले अमरकंटक हो आते हैं. उसके बाद जो होना है, होगा."

मी मागच्या पावली स्वयंपाकघरात आले आणि कुकर लावला. हे आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नर्मदेचा उगम पाह्यचा होता ना तुले? शनिवारी निघू. संक्रांतीच्या गर्दीआधी." डोळे लाल होते त्यांचे.

तू म्हणशील, ये. पण मी आले तर मला कधीच कळणार नाही. जन्मभर वाटत राहील की मी एका भल्या माणसाला सोडून आले, किंवा वाटत राहील की वाचले. दोन्हींपैकी काहीतरी एक मला पाहून घ्यायचं आहे. अमरकंटकला पुष्कळ गर्दी असते, आश्रम आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. गाडी माणसांच्या जवळ लावायला सांगेन. काढा पिणार नाही. मागे झोपणार नाही.

रविवारपर्यंत माझा काही निरोप आला नाही तर भाऊजींना सांग.

विनू


गोंदिया
१६ जानेवारी २०२५

विनू,

रविवारी दुपारी तुहा फोन आला, यांनी घेतला. हे म्हणतात, विनू रडत होती, नरेंद्र दवाखान्यात हाय म्हणाली, शुद्ध नाही म्हणाली, आन् फोन ठेवला. मी यायले तीनदा इचारलं, विनू का नरेंद्र? हे म्हणतात नरेंद्र.

तेव्हापासून तुहा फोन लागत नाही. नरेंद्ररावांचा लागते तं कोणी नर्स उचलते.

मले झोप नाही. मी तुले जागा बदल म्हणून लिहलं होतं. पिऊ नोको म्हणून लिहलं होतं. त्याच्या कपातलं त्यालेच पाज असं तं मी लिहलं नव्हतं ना? मले आता माहं पत्र आठवून नाही राहिलं. विनू, तू काही करून तं नाही बसली? केलं असन तं मले सांग. मी तुही बहीण हाव. पण खरं सांग.

ताई


बिलासपूर
२० जानेवारी २०२५

ती. कुसुमताई,
सा. नमस्कार.

तुझं पत्र राधिकाने काल इथे दवाखान्यात आणून दिलं. ती ऑफिसमधून रजा घेऊन आली होती. माझा मोबाईल अमरकंटकच्या धावपळीत कुठे पडला कळलं नाही. आता शांत बसून सगळं लिहिते, कारण तू जे विचारलंस ते मी स्वतःलाही विचारलं आहे.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. माझ्या सांगण्यावरून गाडी एका चहाच्या टपरीसमोर लावली. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. मी उगमाच्या कुंडाशी हात जोडून उभी होते आणि नरेंद्र माझ्याकडे बघत होते. नर्मदेकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, हा माणूस माझा हिशेब करतोय.

संध्याकाळी त्यांनी मागचा पलंग लावला. दोन रजया, पायाशी गरम पाण्याची पिशवी. मी म्हटलं, मला आज पुढे झोपायचं आहे, समोरच्या काचेतून उजाडताना बघायचं आहे. ते नको म्हणाले. पुढे थंडी लागेल म्हणाले. मी हटून बसले. तेव्हा त्यांनी दोन्ही रजया पुढे आणून माझ्या बाकावर घातल्या आणि हीटर उचलला, माझ्या पायाशी ठेवायला. मी जवळजवळ ओरडलेच, "तो तुमच्याजवळच राहू द्या." ते दचकले. मग तो मागे ठेवून आले.

काढ्याचा कप दिला. मी म्हटलं, आज पोट ठीक नाही, तुम्हीच प्या. त्यांनी आधी स्वतःचा प्यायला आणि मग, वाया नको म्हणून, माझाही. मी त्यांच्या घशाकडे बघत होते. काही भीती नाही, काही संकोच नाही, गटागट प्याले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पडदा ओढून ते मागे गेले. मी पडले तर ड्रायव्हरकडची काच बोटभर खाली होती. वारा येत होता. ती मी बंद केली नाही, ओरडायची वेळ आली तर टपरीवाल्याला ऐकू जावं म्हणून. स्वेटर, शाल, टोपी, दोन रजया, तरी कुडकुडत होते. डोळा कधी लागला कळलं नाही.

उजाडल्यावर जाग आली. डोकं थोडं जड होतं, पण चिल्फीसारखं नाही. मागून घोरण्याचा आवाज येत नव्हता. हाका मारल्या. पडदा सारला तर आत कोंदट, गरम. नरेंद्र कुशीवर पडले होते, उशीवर उलटी, डोळे अर्धे उघडे. हलवलं तर मान लुळी.

ताई, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते तुलाच लिहू शकते. मला वाटलं, काढ्यातच होतं. माझ्यासाठी होतं आणि त्यांनी विसरून, किंवा मला दाखवायला, स्वतः प्यायलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, म्हणजे मी त्यांना मारलं.

मागचं दार मी लाथेने उघडलं. टपरीवाला आणि दोन यात्रेकरू धावत आले. त्यांनी नरेंद्रना ओढून बाहेर गवतावर घेतलं. गवत पांढरं होतं गोठलेल्या दवाने. तिथे पडल्यापडल्या त्यांनी एक मोठा श्वास घेतला. पुढे जीप, सरकारी दवाखाना. मी काढ्याचं भांडं ओढणीत गुंडाळून बरोबर घेतलं होतं.

तरुण डॉक्टर होती, अनुश्री नावाची, नागपूरकडची. मी भांडं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, यात काही आहे का तपासा. तिने मला विचारलं, "मावशी, झोपले होते तिथे काय जळत होतं?"

मी म्हटलं, हीटर. गॅसचा. तिने विचारलं, हवा यायला जागा होती का? मी म्हटलं, नव्हती. सगळं बंद केलं होतं. कोणी? यांनीच. कशाला?

"मला थंडी वाजते म्हणून," मी म्हटलं, आणि तिथेच बाकावर बसले.

तिने समजावलं. बंद जागेत गॅस जळला की विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, उलटी होते, पाय जातात, बाहेर आलं की बरं वाटतं. चिल्फीत मी दोन रात्री तेच घेत होते. त्यांना तेव्हा काही झालं नाही, कारण पुढची काच थोडी उघडी होती. ती का उघडी होती तेही कळलं. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात बिड्यांचं बंडल निघालं. लग्नाआधी सोडली म्हणून मला वचन दिलं होतं. टायर बघायला जायचे ते हेच, आणि रात्री काचेशी बसून धूर बाहेर सोडायचे.

त्यांना ऑक्सिजन लावला आणि अँब्युलन्सने इथे बिलासपूरला आणलं. सोमवारी त्यांचा फोन माझ्याजवळ होता, तो वाजला. रायपूरच्या एका डॉक्टरांच्या क्लिनिकमधली मुलगी. म्हणाली, "विनोदिनीजी का दिमाग वाला एमआरआई कल सुबह है. गले की चेन-वेन घर पे छोड़ के लाइएगा."

मग मी त्या डॉक्टरांशीच बोलले, आणि त्यांनी सांगितलं. ताई, सुशीलाबाईंच्या डोक्यात गाठ होती. सकाळची डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं, तिथूनच सुरुवात झाली होती. चिल्फीला मला उलटी झाली तेव्हा त्यांना वाटलं, पुन्हा तेच. म्हणून ते बोट, म्हणून गॅलरी. तपासणीआधी मला एकदा नर्मदा दाखवावी, घाबरवू नये, एवढंच त्या फोनवर बोलत होते. मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्यांना मी मरताना दिसत होते.

परवापासून शुद्धीत आहेत. शब्द सापडत नाहीत, पेला म्हणायचं तर खिडकी म्हणतात. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. मास्क काढल्यावर पहिलं काय बोलले सांगू? "तुहं डोकं?"

मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, तू सांग.

तुझी
विनू


गोंदिया
२७ जानेवारी २०२५

चि. विनू,

तुहं पत्र मी देवाजवळ बसून वाचलं.

मी शर्मिष्ठाबाईकडं पुन्हा गेली. यावेळी बसून सगळं इचारलं. गाठच होती. नागपूरले ऑपरेशन झालं होतं. सुशीलाचे केस गेले होते, तोंड वाकडं झालं होतं. तिनंच सांगतलं होतं म्हणे, मले कोणी असं पाह्यलं नाही पायजे. म्हणून थो कोणाले घरात येऊ देत नव्हता. शर्मिष्ठाबाईनं हे पहिल्याच दिवशी सांगतलं असन, माह्या कानात शिरलं नसन. नाही तं मले हवं तेवढंच मी ऐकलं. कोणतं खरं, थे मलेबी सांगता येत नाही.

सांगावं की नाही म्हणते. सांग. तू लपवलं तं तुमच्या दोघांत आयुष्यभर मी बसून राहीन. आन् माहं नाव घेऊन सांग. ताईनं सांगतलं म्हणून केलं, असं सांग. मले पुन्हा तोंड दाखवू नोको म्हणाला तरी चालन.

तुही
ताई


समता कॉलोनी, रायपूर
१८ फेब्रुवारी २०२५

सौ. कुसुमताई यांस,
नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या, हात अजून थोडा थरथरतो. एखादा शब्द चुकला तर विनोदिनी सुधारून देणार होती, पण हे पत्र मी तिला दाखवणार नाही.

तिने मला सगळं सांगितलं. तुमची पत्रंही वाचायला दिली. तुम्ही फाडायला सांगितलेलं तिने फाडलं नव्हतं.

राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. काही दिवस मी तिच्याशी बोललो नाही. काढा करताना मी दर वेळी आलं किसून घ्यायचो, तिला तोंडात तंतू लागलेले आवडत नाहीत म्हणून गाळायचो, आणि ती त्यात विष शोधत होती, हे मनातून जाईना. सुशीलाचं नाव त्यात आलं, ते सगळ्यात जास्त लागलं. तिचं दुखणं मी कोणालाच सांगितलं नाही, विनोदिनीलाही नाही. सांगितलं की सगळं पुन्हा डोळ्यांसमोर उभं राहतं. मी गोंदियाला येत नाही तो त्याचसाठी. तुमच्या घराला मी टाळत होतो असं तुम्हाला वाटलं असेल, तर तेही खोटं नव्हतं.

मग गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो. विनोदिनीचा एमआरआय झाला, डोकं स्वच्छ आहे. माझी पुढची तपासणी करताना डॉक्टरांनी तिच्या रक्ताचे जुने रिपोर्ट पाहिले. म्हणाले, त्या रात्री ही बाई मागे झोपली असती, तर इतक्या कमी रक्तावर सकाळ पाहिली नसती. मी धडधाकट म्हणून निभावलं.

त्या गाडीची एक-एक फट मी माझ्या हाताने बंद केली होती, कुसुमताई. फोम मी कोंबला. पट्टी मी चिकटवली. तिला पुढे थंडी लागेल म्हणून त्या रात्रीही मी हीटर तिच्या पायाशी ठेवायला निघालो होतो. तिने मला थांबवलं ते भीतीने. ती भीती तिच्यात तुम्ही घातली होती. तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोलला असतात, तर ती निमूट मागे झोपली असती आणि आज मी हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहीत असतो.

तेव्हा तुम्हाला माफ करायचं की तुमचे आभार मानायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही. तुम्ही इथे या. गुलाबरावांनाही आणा. सुशीलाबद्दल तुम्हाला जे विचारायचं ते मला विचारा, मी सांगेन.

गाडी विकून टाकणार होतो. विनोदिनी नको म्हणाली. छताची जाळी मोकळी केली आहे, पट्टी काढली, आत काहीही पेटवायचं नाही असं ठरलं आहे. ऊब हवी तर अंगावर घ्यायची, गाडीला द्यायची नाही. दोन रजया, एकात एक मोजे, कानटोपी, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, आणि दोघांनी मागच्याच पलंगावर झोपायचं, अडचण झाली तरी. बिडी खरंच सुटली आहे. तपासून पाहिलंत तरी हरकत नाही.

परवा कॉलोनीतच, आमच्या फाटकासमोर, गाडीत झोपून पाहिलं. पहाटे मला जाग आली. जाळीतून गार हवा येत होती. विनोदिनी उठून बसली होती आणि तिने दोन बोटं माझ्या नाकाखाली धरली होती. मी डोळे उघडले नाहीत. तिची खात्री होईपर्यंत तसाच पडून राहिलो. ती झोपली, तेव्हा मी उठून तिचा श्वास पाहिला.

आपला,
नरेंद्र